फेरी

आमच्या माणदेशातला माणूस मुंबईला निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. जाताना तो विचारतो, "उतरायचं कुणाकडं?" आणि परत आल्यावर गाव त्याला विचारतं, "काय काय बघितलंस?" या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरंही ठरलेली. राणीची बाग, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजीअलीचा दर्गा, झालंच तर चौपाटी आणि शेवटी गेटवे. गेटवेचं नाव निघालं की पारावरचा कुणीतरी विचारणारच, "बोटीत बसलास का न्हाई?"

बसलो म्हटलं तर एक पंचाईत, नाही म्हटलं तर दुसरी. बसलो म्हटलं की लगेच "किती घेतलं?" आणि आकडा ऐकून, "तेवढ्यात म्हशीला पेंड आली असती की!" नाही म्हटलं की, "मग मुंबईला जाऊन केलंस काय?"

माझी उमेदीची वर्षं मुंबईत गेली. त्यामुळं दिवाळीत, मे महिन्यात पोराबाळांना घेऊन मुंबई दाखवायला निघालेली माणसं अजूनही मला फोन करतात. उतरायची सोय, लोकलचा पास, सगळं विचारून झालं की हळूच येतं, "मास्तर, त्या बोटीचं करावं का? पैसं वसूल व्हत्यात का?" रेल्वेचं तिकीट किती हे चटकन सांगता येतं. वसूल होतं का, हे सांगताना मी दर वेळी थांबतो. कारण त्या प्रश्नावर आमच्या घरात एकदा चांगला तीन दिवस वाद झाला होता, आणि वाद करणारी माणसं सगळीच शहाणी होती.

आधी व्यवहाराचं सांगतो. गेटवेच्या धक्क्यावरून हौशी माणसासाठी दोन तऱ्हेच्या फेऱ्या सुटतात. एक लांबची, घारापुरीची. लोक तिला एलिफंटा म्हणतात. दहा-अकरा किलोमीटरचं अंतर, जायला तास, यायला तास, वर पायऱ्या चढून लेणी बघायची. म्हणजे दिवसच मोडतो, आणि सोमवारी लेणी बंद असतात हे ज्याला माहीत नाही त्याचा दिवस फुकट मोडतो. दुसरी जवळची. बंदरात अर्धा-पाऊण तास हिंडवून आणतात. कुठं उतरायचं नाही, कुठं थांबायचं नाही. जिथं चढलो तिथंच परत. पावसाळ्यात या बोटींचा भरवसा धरू नये.

वाद पेटला तो या दुसऱ्या फेरीवरून. पहिलीत निदान महादेवाचं दर्शन तरी आहे. तीन मुखांची ती मूर्ती वीस फुटांच्या आसपास उंच. तिच्यापुढं उभं राहिलं की पैशाचा हिशोब कुणी काढत नाही. पण कुठंच न जाणारी बोट?

आमचे नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, सरळ बोलणारे. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "आरं, निघायचं, पाण्यात गोल हिंडायचं आन् परत तिथंच उतरायचं. मग गेलास कशाला? यष्टीनं असं केलं तर कंडक्टरला बडवतील लोक."

मी म्हणालो, "नाना, शिंगणापूरला महादेवाला प्रदक्षिणा घालता, तवा दारातनं निघून परत दारातच येता की."

नाना क्षणभरच थांबले. "ती देवाभवती अस्ती. हितं मधी काय हाय?"

हा प्रश्न मला पुढं अनेक वर्षं पुरला. हिंडून परत जागेवर येणं यात वाईट काही नाही, हे नानांनाही मान्य होतं. वारकरी पंढरपूरहून परत घरीच येतो. जत्रेतल्या पाळण्यात बसलेलं पोर जमिनीवरच उतरतं आणि नानांनी नातवंडांना पाळण्यात बसायला पैसे कधी नाही म्हटले नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की फेरीच्या मधोमध काहीतरी असलं पाहिजे. देव असू दे, नातवाचं हसू असू दे. नुसतं पाणी असून भागणार नाही.

गाळ्यावर आमच्याबरोबर रत्नागिरीकडचे एक म्हातारे गिरणी कामगार येऊन बसत. गाळा म्हणजे गावच्या माणसांनी भाड्यानं घेतलेली खोली. एकेका खोलीत पंधरा-वीस वळकट्या, पाळीपाळीनं झोपायचं. त्या म्हाताऱ्यांना वाटायचं, हा वादच मूर्खपणाचा आहे. कोकणातली माणसं मुंबईला आली ती मुळात बोटीनं. त्यांच्या बंदरांना धक्का नसायचा. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडावात बसून, पोरं आणि ट्रंका हातोहात वर देत माणसं चढायची. उलट्या करत रात्र काढायची आणि सकाळी मुंबई. आणि १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली तेव्हा सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. म्हातारे म्हणायचे, "आमच्याकडची माणसं घराकडे जायला बोटीत चढली नि गेली. तुम्ही पैसे देऊन गंमत करायला चढता?"

त्यात राग नव्हता. ज्या पाण्यावर नाइलाजानं प्रवास केला त्या पाण्यावर हौसेनं जाणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच. आपल्याकडंही, ज्यानं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्याच्यापुढं कुणी लाल मिलोची भाकरी हौसेनं करून ठेवली तर तो ताटावरून उठेल. फेरीच्या मधे काय आहे, हे माणसागणिक बदलतं. त्या म्हाताऱ्यांच्या फेरीच्या मधे माणसं बुडालेली होती.

पण खरा वाद अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे वडील. मशीद बंदराला माथाडी. धान्याची पोती पाठीवरून वाहायची, ट्रकमधून गोदामात, गोदामातून हातगाडीवर. १९६९ चा माथाडी कायदा आला तेव्हा ते तिथंच होते. त्याआधीची हमाली कशी असायची ते सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. गेटवे तिथून तीनेक किलोमीटरवर. इतकी वर्षं त्या पाण्याशेजारी काढली, पण अण्णा बोटीत कधी बसले नाहीत.

१९९१ च्या थंडीत आय मुंबईला आली, थोरल्या भावाच्या पोराच्या बारशाला. तिची मुंबईची ती पहिली खेप. मी म्हणालो, आयला बोटीत बसवून आणतो. अण्णा म्हणाले, "बघायला पैसा देऊ नये. बघायचं डोळं देवानं फुकट दिल्यात."

त्यांना कुणी कंजूष म्हणेल. मी कधी म्हटलं नाही. अण्णा पैसे रुपयांत मोजत नसत, पोत्यांत मोजत. दोघांचं तिकीट म्हणजे त्यांच्या दिवसभराच्या हमालीतला मोठा वाटा. म्हणजे तेवढी पोती पाठीवरून गेली पाहिजेत, तेवढ्या वेळा वाकलं पाहिजे. ज्याचा पैसा असा मणक्यातून येतो, त्याला पाण्यावरची अर्ध्या तासाची हवा महाग वाटली तर त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? उलट मला वाटतं, प्रत्येक खर्चापुढं आपण किती पोती वाहिली हे आठवणारा माणूस आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा प्रामाणिक असतो. आम्ही नोकरदार महिन्याचा पगार घेतो आणि कुठला रुपया कुठल्या घामाचा हे विसरून जातो.

तरीही त्या हिशोबात एक वजन धरलेलं नव्हतं, ते आयचं. आयनंही आयुष्यभर वाहिलंच होतं. आमची वाडी उंचवट्यावर. उन्हाळ्यात आड आटला की मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायचं. डोक्यावर दोन, काखेत एक. दिवसाला किती खेपा हे तिनं कधी मोजलं नाही, कारण मोजून देणार कुणाला? अण्णांच्या पोत्यांची नोंद मुकादमाच्या वहीत व्हायची, आयच्या घागरींची नोंद कुठल्या वहीत नव्हती. अण्णांच्या कष्टाचे रुपये झाले म्हणून त्यांना बोट महाग आहे हे सांगता आलं. आयच्या कष्टाचे कधी रुपये झालेच नाहीत, मग तिला बोट महाग की स्वस्त हे ठरवायचं कुठल्या मापानं?

हे मी अण्णांना बोललो. ते म्हणाले, "तुझ्या पगारातनं ने. माझी ना न्हाय." म्हणजे त्यांनी मत बदललं नाही, वाट सोडली.

आम्ही जवळची फेरी घेतली. आय कठड्याशेजारच्या बाकावर बसली. बोट सुटली तेव्हा तिनं एका हातानं माझं मनगट आणि दुसऱ्यानं बाक धरला होता. मागं गेटवे, ताजमहाल हॉटेल लहान होत गेलं. मी शिकल्याप्रमाणं सांगायला लागलो की ही कमान इंग्रजांच्या राजासाठी उभी केली, राजा १९११ ला येऊन गेला आणि कमान १९२४ ला पुरी झाली. आयनं हूं म्हटलं. तिचं लक्ष पाण्याकडं होतं. थोड्या वेळानं म्हणाली, "एवढ्या पाण्याला पाळी न्हाय?"

आमच्याकडं विहिरीच्या पाण्याला पाळी असते. भावकीत चार वाटे असले तर चार दिवसांनी आपली पाळी. रात्री दोनची पाळी असली तर रात्री दोनला दारं धरायला जायचं. पाळीवरून आमच्या गावात डोकी फुटलेली आहेत, कोर्टं झालेली आहेत. आयनं जन्मभर पाणी पाहिलं ते वाटणीतलं. ज्याला धनी नाही, पाळी नाही, असं पाणी ती पहिल्यांदा बघत होती. खारट आहे, प्यायच्या उपयोगाचं नाही, हे तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "आसू दे की. बघायला तर हाय."

पुढं काही झालं नाही. सांगण्यासारखं तर काहीच नाही. कुरव पक्षी बोटीच्या मागं येत होते, पोरं त्यांना खाऊ टाकत होती. आयनं माझं मनगट सोडलं, पाय वर घेतले, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की रिकाम्या हातानं बसलेली आय मी आजवर पाहिलीच नव्हती. घरी ती बसली तरी पुढ्यात सूप असायचं, नाहीतर वात वळायला कापूस. कुणीतरी हाक मारायचं, ती उठायची. बोटीत तिला हाक मारणारं कुणी नव्हतं आणि उठून जायला जागा नव्हती. चुलीवर दूध नव्हतं, दाव्याला म्हैस नव्हती. चहूकडून पाणी होतं म्हणून तिला तेवढा वेळ कुणी उठवू शकलं नाही.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "काय बघितलंस?"

"काय न्हाय. बसले व्हते."

"बसायला पैसं?" अण्णा म्हणाले. मग काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गाळ्यावरच्या माणसांना सांगत होते, "आमच्या घरातनं बोट केली काल." तीर्थ करावं तशी बोट केली. स्वतः मात्र शेवटपर्यंत बसले नाहीत. त्यांना तशी इच्छाच नव्हती, आणि ती प्रत्येकाला असलीच पाहिजे असं मी मानत नाही.

पुढं माझ्या घारापुरीच्याही दोन-तीन खेपा झाल्या. गेटवेवरून मुंबई बघितली तर इमारती दिसतात. बोट आत गेली की मुंबई कशावर उभी आहे ते दिसायला लागतं. नौदलाची करडी जहाजं, मालाची जहाजं नांगर टाकून पाळीची वाट बघत उभी (तिथंही पाळी आहेच), जवाहर द्वीपाला लागलेल्या तेलाच्या बोटी, तुर्भ्याच्या अंगाला अणुकेंद्राचा घुमट. आणि घारापुरीच्या पलीकडं न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेना. ते बंदर १९८९ ला सुरू झालं. आटपाडीचं डाळिंब, नाशिकची द्राक्षं, लासलगावचा कांदा परदेशी जातो तो अशा बंदरातून, थंड डब्यात बसून. दिल्लीत निर्यातबंदीचा कागद निघाला की तो डबा इथं अडतो आणि तिकडं बाजार समितीत भाव पडतो. आपण ज्या भावाला दैव म्हणतो, त्याचा एक दरवाजा त्या क्रेनांखाली आहे. शेतकऱ्याच्या पोरानं तो एकदा डोळ्यानं बघावा.

घारापुरीच्या बेटावर आणखी एक गोष्ट कळते. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या तिथं आहेत. समोर रात्रभर मुंबई झगमगायची आणि या वाड्यांना संध्याकाळचे काही तास जनरेटरचा उजेड. समुद्राखालून तार टाकून तिथं वीज पोचली २०१८ साली. आमच्या माणदेशातल्या कोरड्या वाडीला त्याच्या पुष्कळ आधी वीज आली होती. मुंबईपासून लांब असणं म्हणजे किलोमीटरमध्ये लांब असणं नव्हे, हे मला त्या बेटानं शिकवलं.

तिथंच मी एक बाई पाहिली. नऊवारी नेसलेली, डोक्यावर चकचकीत हंडे. परदेशी पाहुण्यांच्या शेजारी फोटोला उभी राहायची आणि त्याचे पैसे घ्यायची. हंडे रिकामे होते. मला आयची आठवण झाली. भरलेल्या हंड्याला दमडी मिळाली नाही आणि रिकाम्या हंड्याला दाम मिळतो! पण त्या बाईला का दोष द्यायचा? बघणाऱ्याला हंडे बघायचे आहेत, त्यात पाणी आहे का हे त्याला बघायचं नाही. दोष असेल तर तो बघण्याच्या तऱ्हेत आहे.

आणि ही तऱ्हा आता आपल्या दारात आली आहे. थंडीत शहरातली माणसं हुरड्याला येतात. माणशी पैसे देतात, बैलगाडीत बसतात, शेताला एक फेरी मारतात आणि परत जागेवर उतरतात. आमची पोरं बांधावरून हसतात, "कुठं गेले न्हाईत, काय न्हाईत, आन् पैसं दिलं!" नानांनी बोटीबद्दल जे विचारलं तेच. आपण गेटवेला हसण्याजोगे असू, तर ते शिवारात हसण्याजोगे आहेत. ते हसण्याजोगे नसतील, तर आपणही नाही.

मी हुरड्याच्या पाहुण्यांत दोन जाती बघितल्या आहेत. एक फोटो काढून, शेंगदाण्याची चटणी बांधून निघून जाते. दुसरी गाडीवानाला विचारते, "मामा, बैलाला रोज किती लागतं? ज्वारीला यंदा भाव काय?" कधी एखादी बाई काहीच विचारत नाही, नुसती बांधावर पाय सोडून बसते आणि तिच्याकडं बघून कळतं, की हिला बऱ्याच दिवसांनी कुणी हाक मारलेली नाही. पैसे सगळ्यांनी सारखेच दिलेले असतात.

म्हणून आता फोन आला की मी उलट विचारतो. कर्ज काढून निघालायस का? मग बोट नको. गेटवेच्या कठड्याला बसून पाणी फुकट दिसतं, अण्णांचं तेवढं खरं होतं. नुसतं बोटीत बसायचंय आणि पैसे थोडे आहेत? भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचनं उरणला जाऊन ये. तेच बंदर, तीच हवा. शेजारी नोकरीवरनं परतणारी माणसं असतात. त्यांच्याशी बोललास तर गाईडची गरज नाही. पोरं बरोबर आहेत आणि दिवस मोकळा आहे? घारापुरी कर, सोमवार सोडून. पोरांना मूर्तीही दाखव आणि क्रेनाही दाखव. म्हातारं माणूस पाण्याला घाबरत असेल तर आग्रह करू नकोस. चढलात तर लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका.

आणि घरातली बाईमाणसं बरोबर असतील, तर कमीत कमी ती जवळची फेरी तरी कर, असं सांगतो. "तिथं काय बघायचं?" असं फोनवरचा माणूस विचारतोच. मी सांगतो, बघायचं तिचं ती ठरवील. तू फक्त अर्धा तास तिला काही आणायला सांगू नकोस. डब्यातलं काढ म्हणू नकोस, पोराला धर म्हणू नकोस. पोराला तू धर. एवढं जमणार असेल तर तिकीट काढ.